काठोकाठ तांब्या

आमच्या जिनिंगमध्ये संध्याकाळचा भोंगा झाला म्हणून कुणी लगेच घरी जात नसे. आधी झाडाला पाणी घालावं लागे. फाटकाजवळ एक रांजण पुरलेला होता, त्याच्या झाकणीवर पितळेचा तांब्या, आणि फाटकाच्या दुसऱ्या अंगाला एक कोवळा लिंब. तांब्या काठोकाठ भरायचा, चालत जाऊन लिंबाच्या आळ्यात ओतायचा, रिकामा तांब्या मागच्याच्या हातात द्यायचा आणि मग घर गाठायचं. तिथंच खुर्ची टाकून आमचे मॅनेजर बसलेले असत. ते तांब्याकडं बघत नसत की माणसाच्या तोंडाकडं बघत नसत. ते जमिनीकडं बघत. रांजणापासून लिंबापर्यंतच्या वाटेवर कुणाचं किती पाणी सांडलं, एवढंच त्यांना बघायचं असे.

बाहेरून आलेला माणूस हा प्रकार बघून हसायचा. रुई न्यायला आलेल्या बार्शीच्या एका व्यापाऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "काय हो, नवसबिवस हाय का काय तुमच्या साहेबांचा?"

मी म्हणालो, "नवस न्हाय, हिशेब हाय."

त्याला ती थट्टा वाटली. पण मी खरं तेच सांगितलं होतं. तो हिशेबच होता, आणि तसा हिशेब करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. उस्मानाबादेकडच्या वाशीला जाणाऱ्या रस्त्यावर एका शेठची बंद पडलेली जिनिंग होती. आसपासच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांनी शेअर जमवून ती सहकारी म्हणून चालवायला घेतली. मी नुकताच मॅट्रिक होऊन तिथं कारकून म्हणून चिकटलो होतो. मॅनेजर मिळेना, म्हणून चेअरमननी ओळखीतून हैदराबादेकडचा एक माणूस आणला. हा गृहस्थ चैत्राच्या उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालायचा. मराठी त्याच्या घरचीच, पण आयुष्य तिकडच्या कापडगिरणीत गेल्यामुळं तो बोलायला लागला की कचेरीत अर्ज वाचून दाखवतोय असं वाटायचं. आणि तो सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचा. मला तर म्हणायचाच, पण कोळसा टाकणाऱ्यालाही म्हणायचा, झाडूवाल्या म्हाताऱ्यालाही म्हणायचा. पहिल्या दिवशी तो म्हातारा मागं वळून बघायला लागला, की साहेब आपल्या पाठीमागच्या कुणाशी बोलतायत.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला पकडलं. मी गेल्या वर्षाचे हिशेब लिहीत होतो. यंत्रं वापरून झिजतात, म्हणून दरवर्षी त्यांची किंमत थोडी कमी करून लिहायची आणि पुढं नवी घ्यायला तेवढी रक्कम बाजूला ठेवायची, त्याला घसारा म्हणतात. इंजिनाचा घसारा, रेच्यांचा घसारा, इमारतीचा घसारा, असं मी मान मोडून लिहीत होतो. रेचा म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र.

"कारकूनसाहेब," ते म्हणाले, "रेच्यावर बसणाऱ्या बायांचा घसारा कुठं लिहिलात?"

मला वाटलं, साहेब गंमत करतायत. मी म्हणालो, "बायांचं पगारपत्रकात हाय की, साहेब."

"ते भाडं झालं. झीज कुठंय?"

मी पगारपत्रक काढून पुन्हा चाळलं. ते "शोधा, मीही शोधतो," एवढंच बोलून गेले. त्या दिवसापासून जिनिंगमध्ये त्यांचं नाव घसारासाहेब पडलं. ते मीच पाडलं, हे आता सांगायला हरकत नाही. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना ते फार आवडलं होतं.

शोधता शोधता त्यांना तांब्या सापडला. आधी त्यांनी सरळ विचारून पाहिलं होतं. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून एकेकाला विचारायचे, "दमलात का?" आता मजुरीवर जगणारा माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? "न्हाय, साहेब." "अजाबात न्हाय, साहेब." जो उभ्या उभ्या पेंगत होता तोसुद्धा म्हणायचा, "फुलागत हाय बगा."

ते मला म्हणाले, "इंजिन गरम झालं तर लपवत नाही. पट्टा सैल झाला तर फटफट वाजतो. माणूस हे एकच यंत्र असं आहे, की झिजलं तरी 'झिजलो नाही' म्हणतं. का? तर सांगितलं तर उद्या कामावर घेणार नाहीत. मग मी त्याच्या तोंडाला कशाला विचारू? हाताला विचारतो."

तांब्या आला तशी कुरकुरही आली. एकाच तांब्याला सगळ्यांनी हात लावायचा म्हणजे काय, असं दोघातिघांनी नाक मुरडून विचारलं. साहेब म्हणाले, "पाणी झाड पिणार आहे, तुम्ही नाही. झाडाची तक्रार आली की बघू." झाडाची तक्रार आली नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. पाणी सांडलं की नाव कटणार, अशी सगळ्यांची समजूत झाली. बाया घरी कळशीवर सराव करून यायला लागल्या. कुणी तांब्या मुद्दाम बोटभर कमी भरायचा, मग साहेब खुर्चीतून उठून स्वतः ओंजळीनं पाणी घालायचे आणि म्हणायचे, "काठोकाठ." पण ज्याचं पाणी सांडलं त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं नाही, उलट अंगणात कापसातला काडीकचरा वेचायच्या हलक्या कामावर बसवलं, आणि मजुरी तीच दिली. हे कळल्यावर मग काय विचारता! चार दिवसांत निम्मी जिनिंग दमली. जो तो पाणी सांडायला लागला.

साहेब शांतपणे बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी बरोबर नावं घेऊन एकेकाला रेच्यावर परत पाठवलं. एकही चूक नाही. आम्ही थक्क झालो. मी विचारलं, "साहेब, तुम्हाला कळलं कसं?"

"मुद्दाम सांडणाऱ्याचं पाणी एका जागी सांडतं," ते म्हणाले. "दमलेल्याचं वाटभर सांडतं."

मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन ती वाट बघितली. खरंच तसं होतं. एका जागी भदकन ओलं झालेलं म्हणजे लबाडी, आणि थेंब थेंब करत लिंबापर्यंत गेलेली ओल म्हणजे शीण. आपण रोज तुडवतो त्या मातीत हे लिहिलेलं होतं आणि आपल्याला वाचता येत नव्हतं, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं. साहेबांचा माझ्यावर जो वचक होता त्याचा त्या दिवसापासून आदर झाला.

माझीही सुटका नव्हती. एकदा गावात तंबूतला सिनेमा आला होता. दुसऱ्या दिवशी माझा तांब्या असा काही डचमळला की पायजमा भिजला. साहेबांनी जमिनीकडं बघितलं आणि विचारलं, "चित्रपट चांगला होता का?" सगळं फाटक हसलं. तेही हसले. मग म्हणाले, "उद्या बेरजा करू नका, टपाल लावा. बेरीज चुकली तर मला दोनदा करावी लागेल."

हा छंद त्यांनी जिनिंगपुरता ठेवला असता तर गोष्ट वेगळी. सकाळी पहिल्या धारेची दाढी मिळाली तरच ते न्हाव्याकडं बसत. दुपारी कधीच नाही. त्यांच्या मते दुपारपर्यंत त्याच्या मनगटाचा भरवसा संपलेला असे. येरमाळ्याच्या जत्रेला आम्ही एकदा मिळून गेलो होतो. परतीच्या मोटारीचा ड्रायव्हर पहाटेपासून फेऱ्या मारत होता. साहेबांनी त्याच्या हातात काठोकाठ तांब्या दिला. बिचाऱ्यानं देवीचं काही असेल म्हणून भक्तिभावानं धरला, चार पावलं टाकली आणि निम्मं पाणी धुळीत. साहेब म्हणाले, "मी या गाडीत बसत नाही." लोक ओरडायला लागले, लेकरं रडायला लागली. साहेब आपले झाडाखाली जाऊन बसले. आम्ही गेलो. सुखरूप पोचलो. ते दिवेलागणीला दुसऱ्या गाडीनं आले. मी मुद्दाम चिडवायला म्हणालो, "साहेब, आम्हाला तर काही झालं नाही."

"छान झालं," ते मनापासून म्हणाले. "झीज रोज दिसली असती तर मोजायला माणूस कशाला लागला असता?"

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. मोठ्या फटकळ. एकदा मला चहा देताना त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "साऱ्या गावाचा घसारा मोजतात हे. सकाळी सगळ्यांच्या आधी जातात, दिवे लागल्यावर येतात, जेवताना पाठीला लोड लागतो. यांचा कोण मोजतो, विचारा बरं."

साहेब म्हणाले, "मी रोज शेवटचा तांब्या नेतो. थेंब सांडत नाही."

हे मात्र खरं होतं. सगळे गेल्यावर ते स्वतः उठत, तांब्या भरत, आणि तो काळा कोट घालून असे चालत जात, की पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठत नसे. त्याचा त्यांना गर्व होता. एवढ्या मोठ्या माणसाचा तेवढाच एक गर्व होता, आणि आम्हालाही तो बघायला आवडायचा. कितीतरी लोक तेवढ्यासाठी फाटकाशी रेंगाळत.

रेच्यावर बसणाऱ्यांत गंगव्वा म्हणून एक बाई होती. लोहाऱ्याच्याही पलीकडची, माहेरचं बोलणं कानडी. नवरा वारल्यावर जिनिंगवर यायला लागली. रेच्यावर बसणं म्हणजे दिवसभर हातानं कापूस पुढं सारत राहायचं आणि बोटं यंत्राच्या फिरत्या रुळापासून राखायची. रूळ आत ओढून घेतो. त्याला कापूस काय आणि हात काय, सारखंच. गंगव्वाइतकी सफाई कुणाच्या हाताला नव्हती. तिचं सगळं घर त्या दोन हातांवर उभं होतं. त्या साली तर तिची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती.

आणि त्याच साली कापूस उदंड आला. फाटकापासून सडकेपर्यंत गाड्यांची रांग. शेतकरी गाडीखालीच स्वैपाक करत होते आणि आत येऊन कारकुनाच्या, म्हणजे माझ्या, नावानं शिव्या देत होते. त्यात आभाळ भरून यायला लागलं. उघड्यावरचा कापूस भिजला तर वर्षाची मेहनत मातीत जाणार. चेअरमन हे काही दुष्ट माणूस नव्हते. स्वतः शेतकरी, मोठ्या पल्लेदार मिशांचे, मनानं मोकळे. त्यांनी कमिटी बोलावली आणि ठराव केला, की गाड्या संपेपर्यंत भोंगा दिवे लागल्यावर व्हायचा. जास्तीच्या वेळेची जास्तीची मजुरी.

साहेब उभे राहिले. "दुसरी पाळी लावा. नवी माणसं घ्या."

"साहेब, रेच्यावर बसणाऱ्या बाया काय बाजारात मिळत्यात का? शिकवंस्तोवर सीझन सरंल. त्या बाहेरच्या गाड्या बगा आन् मला सांगा, म्या त्यांना काय तोंड दाखवू?"

साहेबांनी बाहेर बघितलं. चेअरमनचंही खोटं नव्हतं, आणि हे साहेबांना कळत होतं. ते म्हणाले, "ठराव तुमचा. पण जास्तीच्या वेळेत रेच्यावर कोण बसेल ते मी ठरवणार." चेअरमन म्हणाले, "बेलाशक ठरवा."

मग जुन्या वेळेलाच तांब्या फिरायला लागला. ज्याचं पाणी सांडलं नाही तो आत परत जाणार, ज्याचं सांडलं तो घरी. दोन दिवस गंगव्वाची वाट कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी लिंबापर्यंत थेंब पडत गेले. साहेब म्हणाले, "गंगव्वाबाई, तुम्ही घरी जा."

गंगव्वा भडकली. "का म्हून जाऊ? माज्या पोरीचं बाळंतपण काय तुमी करनार व्हय? चार पैसे जास्तीचे मिळायलेत तर माजं पोट का मारताव, साहेब?"

साहेबांनी कोटाची वरची दोन बटणं काढली. ते मी पहिल्यांदा पाहत होतो. म्हणाले, "तुमच्या जागी मी बसतो. मजुरी तुमच्या नावावर."

आम्हाला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण ते खरोखर आत गेले, कोट काढून खुंटीला अडकवला, आणि गंगव्वाच्या रेच्यावर जाऊन बसले. पन्नाशी उलटलेला मॅनेजर कापूस सारतोय, हे बघायला बाहेरचे गाडीवाले आत आले. गंगव्वा काही घरी गेली नाही. ती शेजारी पोतं टाकून बसली आणि त्यांच्यावर डाफरायला लागली. "हात मागं, साहेब! मागं म्हनलं की! कापूस सारायचा आसतोय, हात न्हाय!" साहेब नव्या सुनेसारखे मुकाट ऐकत होते.

असं बरेच दिवस चाललं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते हिशेब बघत, दुपारी गाड्यांचे तंटे सोडवत, संध्याकाळी गंगव्वाच्या जागी बसत. कोट अंगावर सैल झाला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. चेअरमन स्वतः म्हणाले, "साहेब, आता बास करा, दुसरं कुनीतरी बसवू." साहेब म्हणाले, "ज्याचं सांडत नाही तो बसतो. हाच दस्तूर आहे."

मग ती संध्याकाळ. सगळ्यांचे तांब्ये झाले. साहेब उठले, रांजणात वाकले, तांब्या भरला आणि निघाले. मी मागंच होतो. पहिल्या दोन पावलांतच काठावरून पाणी ओघळलं. मग पुढं, मग अजून पुढं. आळ्यापर्यंत वाटभर थेंब.

बोलायचं कुणी? गंगव्वा पुढं झाली.

"साहेब, सांडलं."

साहेबांनी तांब्या उलटा करून बघितला. "पोचा आलाय तांब्याला," ते म्हणाले.

"तांब्या चांगला हाय. आज बसू नगा."

"गाड्या थोड्याच उरल्यात, बाई."

"ब्याड साहेब, ब्याड!" घाबरली की तिच्या तोंडी कानडीच यायची. नको साहेब, नको. आम्ही तिथं इतके जण उभे होतो, आणि कळलं सगळ्यांनाच होतं. त्यांनीच तर आम्हाला शिकवलं होतं. पण त्यांना अडवायचं हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ते आत गेले. कोट खुंटीला लावला.

दिवे लावायची वेळ होत होती तेव्हा गंगव्वाची किंकाळी ऐकू आली. साहेबांचा आवाज आलाच नाही. मिस्त्रीनं धावत जाऊन पट्टा उतरवला, इंजिन भकभक करत राहिलं, रेचे थांबले. साहेब तसेच बसून होते. उजवा हात रुळाशी. चेहरा पांढरा, पण शुद्धीवर. मला म्हणाले, "बाईंना आधी इथून न्या. त्यांना बघवणार नाही."

चेअरमननी स्वतःचं धोतर फाडून हात बांधला आणि आपल्या मोटारीतून त्यांना उस्मानाबादेला दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवसापासून भोंगा जुन्या वेळेला झाला. ठराव कुणी केला नाही, कुणी विचारलंही नाही. पाऊस चार थेंब पडून गेला. कापूस फारसा भिजलाच नाही.

पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, जिनिंगच्या शेडमध्ये वार्षिक सभा भरली. जाजमावर सगळे सभासद, एका कडेला आम्ही कामगार. गंगव्वा मांडीवर नातू घेऊन बसली होती. दरवर्षी साहेब ताळेबंद वाचायला लागले की सभा डुलक्या घ्यायला लागे. त्या वर्षीही लागली. इंजिनाचा घसारा, रेच्यांचा घसारा, इमारतीचा घसारा. आणि त्याच आवाजात, न थांबता:

"मॅनेजर. उजव्या हाताची दोन बोटं."

सभा जागी झाली. चेअरमन चुळबुळले. "साहेब, हे काय मधीच?"

"घसारा. झिजलं की लिहावं लागतं."

"पण हे बसतं कुठं?"

"मी इतकी वर्षं हेच विचारतोय," साहेब म्हणाले. "इंजिन झिजतं म्हणून आपण रक्कम बाजूला ठेवतो. या हातासाठी कुठं ठेवलीय? आणि एक सांगतो. चूक माझी आहे. तांब्यानं मला आधी सांगितलं होतं. या बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाटलं, झीज इतरांची होते. पण मी मॅनेजर, म्हणून माझी बोटं आज सभेपुढं आली. तिथं गंगव्वाबाई असत्या तर?"

मग मागून एक म्हातारा शेतकरी उठला. सगळ्यांत जास्त शेअर त्याचे होते, आणि गाड्यांच्या रांगेत सगळ्यांत मोठ्यानं शिव्या त्यानंच दिल्या होत्या.

"खरं बोलू का, साहेब? तिचं हात गेलं आसतं तर आमी लई वंगाळ झालं म्हनलो आसतो. आन् दुसऱ्या दिशी दुसरी बाई बसिवली आसती."

असं कबूल करायला छाती लागते. म्हातारा तसाच उभा राहिला. मग जाजमाकडं बघत म्हणाला, "म्या दुपारी औत सोडतो. बैलाला सावलीला बांधतो, मग भाकर खातो. बैलाला इचारावं लागत न्हाय, दमला का म्हून. आन् हितं शंभर गाड्या उभ्या होत्या, एकाच्या बी मनात आलं न्हाय." त्यानं चेअरमनकडं बघितलं. "लिवा काय ते. जिथं बसतं तिथं बसवा. न्हाय बसत तर जागा करा."

जागा केली गेली. वेळेच्या पुढं रेचे चालवायचे नाहीत असं ठरलं, आणि इंजिनाच्या रकमेशेजारी कामगारांच्या दुखापतीसाठी एक रक्कम दरवर्षी बाजूला पडायला लागली. ती ओळ मी लिहिली. त्या ओळीला काय नाव द्यायचं ते कुणालाच सुचेना, म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "माणसं. एवढंच लिहा."

पण मला त्यांची आठवण येते ती त्या सभेतली नाही.

नवा सीझन सुरू झाला तो पहिला दिवस. भोंगा वेळेवर झाला. सगळ्यांचे तांब्ये झाले, कुणाचं फारसं सांडलं नाही. लिंब आता माणसापेक्षा उंच झाला होता. मग साहेब उठले. सगळे थांबले होते, बायासुद्धा. त्यांनी डाव्या हातानं तांब्या भरला, काठोकाठ, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांचा आधार दिला आणि निघाले. पाणी पहिल्या पावलापासून सांडायला लागलं. कोटाच्या बाहीवर, वहाणांवर, वाटेवर. लिंबाच्या आळ्यात पोचलं ते निम्मंसुद्धा नव्हतं.

गंगव्वा फाटकाशी उभी होती. तिनं सांगायचं ते सांगितलंच, कारण दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

"साहेब, सांडलं."

साहेबांनी मागं वळून त्या ओल्या वाटेकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं, आमची बघायचे तसं. रोज या वेळेला ते ऑफिसात परत जात आणि दिवे लागेपर्यंत बसत. ऑफिसचं दार उघडंच होतं, टेबलावर कागद पडले होते.

"होय, बाई," ते म्हणाले. "सांडलं."

त्यांनी तांब्या झाकणीवर पालथा घातला, ऑफिसची किल्ली माझ्या हातात दिली आणि घराकडं चालायला लागले. आम्ही सगळे फाटकात उभे राहून त्यांना जाताना बघत होतो. अजून ऊन होतं.